ब्रिटनमध्ये रोजच्या वापरासाठी जुनी, दमदार इस्टेट घेताना

घरात एकच गाडी ठेवायची आहे. मुलं लहान आहेत, वर्षाआड आईवडील भारतातून येतात आणि त्यांच्या चार भल्यामोठ्या बॅगा हीथ्रोहून घरी आणायच्या असतात. पण गाडी चालवण्याची आवडही मनापासून आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या अशा मराठी माणसाने एसयूव्हीच्या मागे लागण्याआधी जुन्या, ताकदवान इस्टेट गाड्या, म्हणजे मागे लांब डिकी असलेल्या गाड्या, जरूर बघाव्यात. वजन जमिनीलगत असल्यामुळे वळणावर गाडी कमी झुकते, डिकीचा काठ खाली असल्यामुळे तेवीस किलोची बॅग छातीपर्यंत उचलावी लागत नाही, आणि तेच इंजिन उंच गाडीत जेवढं पेट्रोल पितं त्यापेक्षा इथे कमी पितं.

आपल्याकडे हा प्रकार रुजला नाही. १९९२मध्ये टाटा इस्टेट आली, पुढे बलेनो अल्टुरा आणि ऑक्टाव्हिया कॉम्बीही येऊन गेल्या, पण लांब डिकीची गाडी म्हणजे मालवाहू गाडी हा समज काही गेला नाही. युरोपात मात्र १९९४मध्ये ऑडीने पोर्शच्या मदतीने ३१५ पीएसची (पीएस म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर) आरएस२ अवांट काढली आणि त्याच वर्षी व्होल्व्होने ८५० इस्टेट थेट ब्रिटिश टूरिंग कार शर्यतीत उतरवली. तेव्हापासून इथे या गाड्यांचा मोठा चाहतावर्ग आहे आणि म्हणून सेकंडहँड बाजारात निवडीला भरपूर वाव आहे.

एक गोष्ट आधीच पक्की डोक्यात ठेवा: या गाड्यांची किंमत उतरते, खर्च उतरत नाही. नवी असताना ऐंशी हजार पौंडांची असलेली गाडी तुम्हाला वीस हजारांत मिळाली तरी तिचे ब्रेक, टायर, टर्बो आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर ऐंशी हजारांच्या गाडीचेच राहतात. खाली जे लिहिलं आहे ते सगळं या एका वाक्याभोवती फिरतं.

गाडी शोधण्याआधी लायसन्स आणि विमा

भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून बारा महिने गाडी चालवता येते. त्यानंतर ब्रिटिश थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही परीक्षा द्याव्याच लागतात, नुसतं बदलून मिळत नाही. परीक्षा ऑटोमॅटिक गाडीवर दिली तर मॅन्युअल चालवण्याचा परवाना मिळत नाही. दोन हजार सहाच्या सुमाराची ऑडी आरएस४ मनात भरली असेल तर हे आधीच बघा, कारण ती फक्त मॅन्युअलमध्ये आली. आणि पहिली ब्रिटिश परीक्षा पास झाल्यावर दोन वर्षांच्या आत सहा पेनल्टी पॉइंट झाले की लायसन्स रद्द होतं. चारशे पीएसच्या गाडीत सहा पॉइंट गोळा व्हायला दोन कॅमेरे पुरतात.

विम्याचे गट १ ते ५० असे असतात. या गाड्या वरच्या टोकाला बसतात. त्यात लायसन्स नवं, इथला नो-क्लेम शून्य आणि भारतातला नो-क्लेम बहुतेक कंपन्या धरत नाहीत. म्हणून जाहिरातीतल्या गाडीचा नंबर टाकून विम्याचं कोटेशन आधी काढा, गाडी बघायला मग जा. वापराच्या प्रकारात ऑफिसला जाण्यायेण्याचा पर्याय निवडायला विसरू नका. फक्त घरगुती वापराच्या विम्यावर रोज स्टेशनपर्यंत गाडी नेली तर अपघाताच्या वेळी तोच मुद्दा निघतो. मोठ्या आरएस (ऑडीच्या) किंवा एएमजी (मर्सिडीजच्या) वेगवान गाड्यांना काही कंपन्या मान्यताप्राप्त ट्रॅकर बसवण्याची अट घालतात, त्याची वर्गणीही हिशोबात धरा.

कोटेशन आवाक्याबाहेर आलं तर एक-दोन वर्षं साधी गाडी चालवून नो-क्लेम जमवावा, असं मी सरळ सांगेन. या गाड्या कुठे पळून जात नाहीत.

कोणती गाडी

माझ्या मते तीन थर आहेत आणि रोजच्या वापराला बहुतेकांनी पहिल्या दोनांतच थांबावं.

पहिला थर स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस आणि फोक्सवॅगन गोल्फ आर इस्टेट यांचा. २०१३नंतरच्या तिसऱ्या पिढीच्या ऑक्टाव्हियाची डिकी ६१० लिटरची आहे. पेट्रोल इंजिन दोन लिटरचं, २२० पीएसपासून पुढे २३० आणि २४५पर्यंत गेलेलं. गोल्फ आर इस्टेटमध्ये याच घराण्याचं इंजिन ३०० पीएस देतं, चारही चाकांना ताकद जाते आणि डिकी ६०५ लिटरची आहे. सुटे भाग मुबलक, आणि ही इंजिनं उघडून बसलेला मेकॅनिक प्रत्येक गावात असतो. या इंजिनाचं ठरलेलं दुखणं म्हणजे वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिकचं घर. तिथून कूलंट झिरपतं. सहा गिअरच्या ओल्या क्लचच्या डीएसजीचं, म्हणजे या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं, तेल आणि फिल्टर दर ४०,००० मैलांनी बदलायलाच हवेत. बिल दिसलं नाही तर बदललं नाही असंच समजायचं. गोल्फ आरच्या मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या हाल्डेक्स यंत्रणेचं तेल तीन वर्षांनी बदलतात, पण तिच्या पंपाची जाळी साफ करणं कंपनीच्या सर्व्हिसच्या यादीत नाही. ती गाळाने बुजली की पंप जळतो आणि चार चाकांची गाडी गुपचूप दोन चाकांची होते. मालकाने जाळी साफ करून घेतली असेल तर तो मनापासून गाडी सांभाळणारा आहे हे ओळखावं.

याआधीच्या, म्हणजे साधारण २००८ ते २०१२च्या काळातल्या याच घराण्याच्या इंजिनांमध्ये टायमिंग चेनचा टेन्शनर आणि जास्त तेल पिणं या दोन्ही तक्रारी होत्या. किंमत कमी दिसते म्हणून तिकडे वळू नका.

दुसरा थर बीएमडब्ल्यू ३४०आय टूरिंगचा. सहा सिलिंडरचं, तीन लिटरचं, ३२६ एचपीचं हे बी५८ इंजिन मला या सगळ्या यादीत सर्वांत जास्त आवडतं: मऊ चालतं, हायवेवर बऱ्यापैकी अ‍ॅव्हरेज देतं आणि नीट सर्व्हिस केलं तर त्रास देत नाही. डिकी ४९५ लिटरची, म्हणजे ऑक्टाव्हियापेक्षा लहान, पण मागची काच स्वतंत्र उघडते. अरुंद पार्किंगमध्ये किराणा टाकायला ती फार सोयीची पडते. बजेट मोठं असेल तर २०१९नंतरच्या पिढीची ३७४ एचपीची एम३४०आय आहे. दोन्हींत झेडएफचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक आहे. बीएमडब्ल्यू त्याचं तेल आयुष्यभराचं म्हणते, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरदरम्यान तेल बदलायला सांगते. मी झेडएफचं ऐकतो.

तिसरा थर स्वप्नातल्या गाड्यांचा, आणि इथे नावापेक्षा इंजिनाचं वर्ष महत्त्वाचं ठरतं. २००६ ते २००८ची ऑडी आरएस४ ४२० पीएसची, ८,००० आरपीएमच्या वर फिरणारी व्ही८. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जात असल्यामुळे इनटेक झडपा धुतल्या जात नाहीत आणि त्यांच्यावर कार्बनचे थर चढतात, मग ताकद हळूहळू गळते. उपाय म्हणजे अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारून झडपा साफ करणं. शिवाय तिच्या तेलाने जोडलेल्या डीआरसी शॉक अ‍ॅब्सॉर्बरांना गळती लागते. २०१३ ते २०१८च्या आरएस६मधलं चार लिटरचं ट्विन टर्बो व्ही८ ५६० पीएसचं. टर्बोकडे तेल नेणाऱ्या वाटेतली बारीक जाळी तुंबली की टर्बो कोरडे पडून मरतात. सुधारित जाळी बसवल्याचा कागद नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करा. मर्सिडीज सी६३च्या ६.२ लिटर इंजिनात २०११च्या सुरुवातीपर्यंतच्या गाड्यांचे सिलिंडर हेडचे बोल्ट गंजून तुटण्याचा धोका आहे. २००७ ते २०१०ची बीएमडब्ल्यू एम५ टूरिंग, व्ही१०, ५०७ एचपी: जगभरात जेमतेम हजारभर बनल्या. बेअरिंग, थ्रॉटल अ‍ॅक्च्युएटर आणि एसएमजी या ऑटोमेटेड गिअरबॉक्सचा पंप, तिन्ही खर्चिक. ती सांभाळावी अशी गाडी आहे, पण मुलांना रोज शाळेत सोडायला घेऊ नये.

डिझेलबद्दल थोडक्यात. रोज हायवेवर पन्नास मैल असतील तर ३३५डी टूरिंग किंवा डिझेल व्हीआरएस चांगली. शाळा, दुकान, स्टेशन अशा दोन-दोन मैलांच्या फेऱ्या असतील तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी गाळणारा फिल्टर, तुंबणार, तिथे पेट्रोलच. लंडनमध्ये राहत असाल तर यूलेझ, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांना रोजचं शुल्क लावणारा विभाग, बघा: २९ ऑगस्ट २०२३पासून तो सगळ्या बरोंमध्ये लागू आहे, पेट्रोलला युरो ४ आणि डिझेलला युरो ६ लागतं, नाहीतर रोजचे साडेबारा पौंड. टीएफएल या लंडनच्या वाहतूक संस्थेच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की उत्तर मिळतं.

वर्षाचा खर्च कागदावर मांडा

वर्षाला १०,००० मैल धरा. गॅलनला ३५ मैल देणाऱ्या गाडीला सुमारे १,३०० लिटर लागतील, २२ मैल देणारीला सुमारे २,०७० लिटर. लिटरला १ पौंड ४० पेन्स धरले तर फरक हजार पौंडांहून जास्त, आणि मोठ्या इंजिनांना ९७-९९ ऑक्टेनचं महाग पेट्रोल लागतं ते वेगळं.

रोड टॅक्सचे नियम नोंदणीच्या तारखेवर ठरतात. २३ मार्च २००६च्या आधी नोंदलेली, खूप कार्बन डायऑक्साइड सोडणारी गाडी टॅक्सच्या के पट्ट्यात थांबते. त्यानंतरची, मार्च २०१७पर्यंतची तशीच गाडी एल किंवा एम या महागड्या पट्ट्यांत जाते. म्हणजे एकाच मॉडेलच्या दोन गाड्या, महिन्याभराच्या फरकाने, दरवर्षी वेगळा टॅक्स. १ एप्रिल २०१७पासून नोंदलेल्या आणि नवी किंमत ४०,००० पौंडांहून जास्त असलेल्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना दुसऱ्या वर्षापासून पाच वर्षं जादा टॅक्स लागतो. ही पाच वर्षं संपलेली गाडी शोधली तर चांगली बचत होते.

याशिवाय गाडीच्या किमतीच्या पंधरा ते वीस टक्के रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. एवढी रक्कम उरत नसेल तर एक थर खाली उतरा. आणि पुढेमागे परत जाताना गाडी पुण्याला नेऊ हा विचार मनात असेल तर तो सोडा: भारतात तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी आयात करता येत नाही आणि नव्यासारखीलाही जबर शुल्क लागतं.

घरबसल्या तपासणी

गाडीच्या नंबरावरून सरकारी संकेतस्थळावर एमओटीचा, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचा, इतिहास फुकट बघता येतो. बहुतेक लोक फक्त पास-नापास आणि मैल बघतात. खरा माल ‘अ‍ॅडव्हायजरी’ या शेऱ्यांमध्ये असतो. समजा २०२१मध्ये लिहिलंय ‘मागचे टायर आतल्या कडेला झिजलेले’, २०२२मध्ये पुन्हा तेच, २०२३मध्ये टायर नवे आणि २०२४मध्ये पुन्हा आतली कड झिजलेली. याचा अर्थ मालकाने टायर बदलले, पण अलाइनमेंट किंवा सस्पेंशनच्या बुशांकडे बघितलंच नाही. ‘ब्रेकचे पाइप गंजलेले’ हा शेरा दोनदा आला असेल तर रस्त्यावरच्या मिठाने गाडीचं पोट किती खाल्लंय ते खाली वाकून बघायला लागणार. आणि दरवर्षी एकही शेरा नसलेली, वेळेवर पास झालेली गाडी दिसली की फोन उचला.

मैल कमी असले की लोक भुलतात. वर्षाला दोन हजार मैल चाललेली जोरकस गाडी म्हणजे बहुधा थंड इंजिनावरच्या छोट्या फेऱ्या, वाळलेले रबरी सील आणि कालबाह्य टायर. वर्षाला बारा-पंधरा हजार मैल हायवेवर धावलेली आणि ज्याची सगळी बिलं आहेत अशी गाडी मी डोळे झाकून आधी बघायला जाईन.

गाड्यांची नोंदणी ठेवणाऱ्या डीव्हीएलए या सरकारी संस्थेच्या ऑनलाइन चौकशीत शेवटचं लॉगबुक, म्हणजे व्ही५सी, कधी निघालं ती तारीख दिसते. तीन आठवड्यांपूर्वी नावावर झालेली गाडी कुणी ‘घरगुती विक्री’ म्हणून विकत असेल तर तो लपलेला दलाल असण्याची शक्यता मोठी. पैसे देऊन पूर्ण हिस्टरी चेकही करा: फायनान्स बाकी आहे का, चोरीची आहे का, राइट-ऑफ झाली होती का, म्हणजे अपघातानंतर विमा कंपनीने ती निकालात काढली होती का. ऑक्टोबर २०१७पासून दुरुस्त होऊ शकणाऱ्या राइट-ऑफचे एस (सांगाड्याला मार) आणि एन (सांगाडा शाबूत) असे वर्ग आहेत. या वेगाच्या गाडीत एस वर्ग नको.

प्रत्यक्ष गाडी बघताना

विक्रेत्याला आधीच सांगा: मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर तळहात ठेवा. कोमट लागलं तर थेट विचारा का सुरू केलं होतं. मग स्टार्टर दाबायला विक्रेत्याला सांगून तुम्ही बाहेर इंजिनाजवळ उभे राहा. पहिल्या दोन-तीन सेकंदांत साखळी खडखडल्यासारखा आवाज आला तर टायमिंग चेन किंवा टेन्शनर. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे तेल, आणि पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल, त्याला गोडसर वास असेल, तर कूलंट. पाच मिनिटं तसंच चालू राहू द्या आणि तोवर टायरांकडे वळा.

चारही टायर एकाच चांगल्या कंपनीचे आहेत का? दमदार गाडीला चार वेगवेगळे स्वस्त टायर म्हणजे मालकाने दिसत नाही तिथेही काटकसर केली आहे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरची आतली कड हाताने चाचपा. ब्रेक डिस्कच्या काठाला बोटाला लागेल एवढा उंचवटा असेल तर डिस्क संपत आल्या आहेत, आणि आरएस किंवा एएमजीच्या डिस्क स्वस्त नसतात. लॉकिंग व्हील नटची चावी कुठे आहे ते त्याच वेळी विचारा.

आता डिकी. इस्टेट तपासताना सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. गालिचा उचला, खालची पेटी काढा आणि स्पेअर व्हीलच्या खळग्यात हात घाला. ओल, गंजाचे ठिपके किंवा कोंदट वास आला तर पाणी कुठून येतंय ते शोधायला हवं: मागच्या दिव्यांची रबरं, पॅनोरमिक काचेच्या छताच्या निचऱ्याच्या नळ्या, किंवा मागच्या वायपरला पाणी नेणारी नळी जोडावर सुटलेली. अनेक गाड्यांची इलेक्ट्रॉनिक युनिट्स डिकीच्या बाजूच्या कप्प्यांत असतात, तिथे पाणी गेलं की विचित्र बिघाड सुरू होतात. डिकीचं दार दोनचार वेळा उघडा-मिटा करून वायपर, नंबर प्लेटचा दिवा, कॅमेरा आणि मागची काच तापवणारी तार चालते का बघा. बिजागरापाशी वायरी वाकून वाकून तुटतात. शेवटी स्वतःची सगळ्यात मोठी बॅग, मुलांची बाबागाडी आणि कार सीट सोबत नेऊन प्रत्यक्ष ठेवून बघा. लिटरचे आकडे वाचून बाबागाडी बसत नाही.

मागे ट्रेलर जोडायचा टोबार असेल किंवा काढल्याच्या खुणा असतील तर काय ओढत होते ते विचारा. कॅराव्हान ओढलेल्या गाडीचा क्लच आणि गिअरबॉक्स जास्त दमलेला असतो.

चालवताना

पहिली दहा मिनिटं हळू, रेडिओ बंद. डीएसजी असेल तर चढावर रिव्हर्समध्ये अगदी सावकाश सरकवून बघा. झटके किंवा थरथर नको. रिकाम्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवा, चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत अडखळल्यासारखं वाटलं तर ड्राइव्हलाइनकडे संशयाने बघा. तेलाचं तापमान चढल्यावर एकदा मोकळ्या रस्त्यावर, कायद्याच्या मर्यादेत, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण जोर द्या: ताकद अखंड यायला हवी, मध्येच गचका नको. मग ताशी ७० मैलांवर स्थिर चालवून स्टिअरिंग थरथरतंय का आणि गाडी एका बाजूला ओढतेय का बघा.

इंजिन रीमॅप केलंय का, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली आहे का, हे तोंडी आणि लेखी दोन्ही विचारा. रीमॅप विमा कंपनीला सांगावाच लागतो, आणि जादा ताकदीने क्लच, गिअरबॉक्स किती झिजला ते कुणीच सांगू शकत नाही. रोजच्या वापराला मूळ स्थितीतलीच गाडी घ्या. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेली गाडी मिळाली तर मागे फिरा, ती एमओटीत अडकेल.

एवढं सगळं जमलं तर त्याच ब्रँडवर काम करणाऱ्या स्वतंत्र गॅरेजमध्ये पैसे देऊन तपासणी करून घ्या. गाडी रॅम्पवर चढवून आणि सगळ्या युनिट्समधले फॉल्ट कोड वाचून मिळणारा अहवाल भाव करताना हातात असावा. विक्रेता या तपासणीला नकार देत असेल तर त्या गाडीचा विषय संपवा.

व्यवहार

डीलरकडून घेतली तर कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्ट २०१५चं संरक्षण आहे. मोठा दोष निघाला तर पहिल्या तीस दिवसांत गाडी परत करून पैसे मागता येतात. सहा महिन्यांपर्यंत दोष विक्रीच्या वेळीच होता असं धरलं जातं, तो नव्हता हे डीलरने सिद्ध करायचं, आणि दुरुस्तीची एक संधी त्याला मिळते. घरगुती विक्रीत वर्णन खरं असावं एवढंच. क्रेडिट कार्डाने थोडी जरी रक्कम भरली आणि गाडीची किंमत १०० ते ३०,००० पौंडांमध्ये असली तर सेक्शन ७५खाली कार्ड कंपनीही जबाबदार राहते. मी डिपॉझिट नेहमी कार्डाने द्यायला सांगतो. डीलर जी वॉरंटी देतो तिची क्लेमची कमाल मर्यादा वाचा; पाचशे पौंडांच्या मर्यादेत टर्बो येत नाही.

घरगुती विक्रीत लॉगबुकवर जो पत्ता आहे तिथेच गाडी बघा आणि तिथेच पैसे द्या. काचेखालचा चॅसी नंबर लॉगबुकशी ताडून बघा. दोन्ही चाव्या, बिलांची फाइल, व्हील नटची चावी हातात घ्या. नवीन गाड्यांचं सर्व्हिस बुक डिजिटल असतं, त्याची प्रिंट मागा. लॉगबुकमधली नव्या मालकासाठीची हिरवी पट्टी तुमची. जुन्या मालकाचा रोड टॅक्स २०१४पासून गाडीबरोबर येत नाही, म्हणून तिथेच उभं राहून फोनवर टॅक्स भरा, विमा सुरू झाल्याची ईमेल बघा आणि मगच गाडी हलवा.

पहिला महिना

कागदावर काहीही लिहिलेलं असो, इंजिनाचं तेल आणि फिल्टर लगेच बदला. गिअरबॉक्स किंवा हाल्डेक्सच्या तेलाचं बिल नसेल तर तेही याच फेरीत. ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर बदला, चारही चाकांचं अलाइनमेंट करून घ्या. कीलेस गाडी असेल तर दोन्ही चाव्या सिग्नल अडवणाऱ्या पाकिटात ठेवायला लागा, कारण दाराजवळच्या चावीचा सिग्नल लांबवून अशाच गाड्या पळवतात. तेलाची पातळी पहिल्या हजार मैलांत दर आठवड्याला बघून मैलांसकट लिहून ठेवा. डीलरकडून घेतली असेल तर ही वही तिसाव्या दिवसाच्या आत एकदा नीट वाचा: तेल वेगाने उतरत असेल किंवा कूलंटची टाकी खाली जात असेल, तर त्याच आठवड्यात डीलरला लेखी कळवा.